खोटी खाच

१

कुलूपवाल्यांच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो त्याच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी कान धरून शिकवला होता. दुसऱ्याचं दार उघडलं की बाजूला व्हायचं. कुलूप सुटलं की हत्यारं पिशवीत, पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडे. आत आधी घरच्या माणसाने जायचं. आत काय पसारा आहे, कोण कसं झोपलंय, कुणाचं काय सांडलंय, हे बघणं आपलं काम नाही. चाळीस वर्षं त्याने हा नियम पाळला. पाळला म्हणजे काय, आता तर पाय आपले आपणच बाजूला सरत. एकदा स्वतःच्या घराची किल्ली हरवली, तेव्हा स्वतःचंच दार उघडून तो बाजूला तोंड फिरवून उभा राहिला होता. ताई त्यावर आठवडाभर हसत होती. येईल जाईल त्याला सांगत होती, “आमच्या खटपट्याला आता घरात यायलासुद्धा परवानगी लागते.”

ही ताई हसत असे तेव्हाची गोष्ट.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या. सकाळी आठला शटर वर, मग चहा, मग ताईची गोळी. गोळी पांढरी, शर्टाच्या बटणाएवढी. तो ती तिच्या तळहातावर ठेवायचा, ती पाण्याबरोबर घ्यायची आणि दुकान नि खोली यांच्यामधल्या दाराशी आपल्या खुर्चीत जाऊन बसायची. तिथून तिला रस्ता दिसे आणि त्याला ती दिसे. बारा वर्षं हे असंच, एक दिवस चुकला नाही.

गेले दोन महिने तिचं तोंड चालत होतं. दातात दोरा अडकावा आणि तो जिभेने काढत राहावं, तसं. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. त्रेसष्ट वय झालं होतं तिचं, चालतं एखाद्याचं तोंड. पण त्या सोमवारी गोळी घेऊन झाल्यावर तिचे हात चालू झाले, आणि ते बघून त्याच्या मनात पाल चुकचुकली.

डाव्या हाताची बोटं काहीतरी घट्ट धरून किंचित पिळल्यासारखी होती. उजव्या हाताची चिमूट हळूच वर जात होती, तिथे थांबत होती आणि पुन्हा खाली येत होती.

“ताई, काय करतेस?”

“काय करतेय?”

“हात बघ.”

तिने हातांकडे बघितलं. शेजाऱ्याच्या मुलांकडे बघावं तसं, कौतुक नाही आणि राग नाही.

“काही नाही की,” ती म्हणाली आणि पुन्हा रस्ता बघू लागली.

२

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी ताईला जीभ बाहेर काढायला लावली, पाय सरळ करायला लावले. मग म्हणाल्या, “आता डाव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला लावा. भराभर.”

ताईने डावा हात चालवला. तेवढ्यात मांडीवरचा उजवा हात स्वतःहून जोरात चालू लागला. डॉक्टरबाईंना बहुधा तेच बघायचं होतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

“या गोळीचाच हा परिणाम आहे,” त्या म्हणाल्या. “वर्षानुवर्षं घेतली की काहींना होतो. तोंड, जीभ, बोटं आपोआप हलतात. त्यांच्या इच्छेने नाही. बऱ्याचदा त्यांना स्वतःला कळतही नाही.”

“मग गोळी बंद करू?”

“मनाने काही करायचं नाही. एकदम बंद केली तर मूळचं दुखणं उलटेल. आपण हळूहळू कमी करू आणि हालचालींसाठी दुसरं औषध जोडू. धीर धरावा लागेल. अगदी पूर्ण जाईलच असं मी सांगणार नाही.”

तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. “डॉक्टरबाई, या हलण्याला काही अर्थ असतो का? म्हणजे, हात काहीतरी काम करतायत, असं काही?”

“नाही हो.” त्या समजुतीने हसल्या. “आपल्याला तसं वाटतं, कारण आपण माणसं आहोत. मेंदूत औषधामुळे झालेली गडबड आहे ती. काळजी केली की वाढते, आणि झोप लागली की थांबते. एवढं लक्षात ठेवा. झोपेत थांबते.”

हे एक वाक्य त्याने घरी येईपर्यंत मनात चार वेळा म्हटलं. त्याला फार बरं वाटलं.

३

तीन दिवसांनी तो एका कपाटाचं कुलूप उघडत बसला होता. किल्ली हरवलेली, कुलूप लिव्हरचं, म्हणजे आत उचलायच्या पट्ट्या असलेलं. त्यात अवघड काही नसतं, फक्त घाई चालत नाही. डाव्या हातात आकडा धरून ताण द्यायचा, उजव्या हातातल्या तारेने एकेक लिव्हर उचलायचा. बरोबर उंचीवर गेला की तो अडकून बसतो आणि बोटाला कळतं. मग पुढचा.

त्याने सहज मान वर केली. समोर खुर्चीत ताई तेच करत होती.

त्याला हसूच आलं. बारा वर्षं दिवसभर समोर बसून हेच बघते, हातांनी उचललं असेल! आपण उगाच डॉक्टरबाईंना भलतंसलतं विचारलं. पण काम करता करता तो बघत राहिला आणि त्याचं हसू आटलं. त्याच्या हातातला दुसरा लिव्हर बसला होता आणि ताई अजून पहिल्यावरच होती. ती त्याची नक्कल करत नव्हती. तिच्यापुढचं कुलूप वेगळं होतं.

पहिला लिव्हर उंच. जवळजवळ टोकापर्यंत. मग चिमूट दुसऱ्यावर गेली. दुसरा बुटका, जेमतेम उचलायचा.

असं कुलूप त्याने आयुष्यात एकदाच केलं होतं, आणि तेसुद्धा पितळेचं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी ताईने जेवणखाण सोडलं होतं. दोन्ही हातांनी छाती धरून बसायची. “आत कुणीतरी आहे रे,” म्हणायची. “दार नुसतं लोटलेलं आहे. ती बाहेर येईल. तिचा आवाज माझ्यासारखाच आहे, तुला ओळखू येणार नाही.” डॉक्टरांनी गोळी सुरू केली, पण गुण यायला दोन आठवडे लागतील म्हणाले. अकरा दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. बाराव्या दिवशी त्याच्याने बघवेना. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, “थांब. मी कुलूप लावतो.”

कुलपाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. उगाच हात फिरवून मोकळं व्हावं, हे त्याला जमलंच नाही. त्याने तिथल्या तिथे मनात सात लिव्हरचं कुलूप जुळवलं आणि तिला एकेक समजावून सांगितलं. पहिला उंच, दुसरा बुटका, तिसरा मधला. चौथ्यात खोटी खाच, म्हणजे चोराला वाटावं बसला, आणि प्रत्यक्षात बसलेला नसावा. मग तिच्या छातीच्या मधोमध हवेतल्या हवेत किल्ली फिरवली.

“लागलं?” तिने विचारलं.

“लागलं.”

“किल्ली?”

तो बाहेर गेला आणि तिच्या देखत ती हवेतली किल्ली गटारात टाकून आला. त्या दिवशी ताई झोपली. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली. तो म्हणाला, हो.

तेव्हापासून ताई शांत होती. जेवत होती, झोपत होती, रस्ता बघत होती. फक्त हसणं गेलं, आणि खटपट्या म्हणणं गेलं. आता ती त्याला ‘अरे’ म्हणे. तेवढ्यावर निभावलं, असं तो स्वतःला सांगत आला होता.

४

दुपारी जेवण झालं की ताई तासभर आडवी होत असे. एरवी त्या वेळेत तो दुकानात किल्ल्या घासायचा. त्या दिवशी त्याने कानस खाली ठेवली आणि अनवाणी मागच्या खोलीत गेला.

खिडकीचा पडदा ओढलेला होता, पण उजेड होता. पंखा फिरत होता. ताई उताणी झोपली होती, तिचा श्वास संथ आणि लांब चालला होता. तोंड स्थिर होतं. दोन महिन्यांत त्याने ते स्थिर पाहिलं नव्हतं. डॉक्टरबाई खरं बोलल्या होत्या. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि मग चादरीकडे बघितलं.

चादरीखाली हात चालले होते.

त्याने चादर हळूच बाजूला केली. जाग असताना होतं त्यापेक्षा काम जास्त नीट चाललं होतं. थरथर नाही, घाई नाही. तिसरा लिव्हर मधल्या उंचीवर गेला, थांबला आणि तिथेच राहिला. चिमूट चौथ्याकडे सरकली.

झोप गाढ नसेल, त्याने मनाशी म्हटलं. आपण सगळीकडे कुलपंच बघतो. न्हाव्याला डोकी दिसतात, आपल्याला कुलपं. डॉक्टरबाई शिकलेल्या आहेत, आपण नववी नापास. हे सगळं त्याने स्वतःला शिस्तीत समजावलं. पण उशाशी उभं असल्यामुळे त्याला आज एक गोष्ट दिसली, जी दुकानातून समोरून दिसत नव्हती. आपण कुलूप उघडतो तेव्हा हत्यारांची टोकं आपल्यापासून लांब असतात. ताईच्या बोटांची टोकं आत वळलेली होती. कुलूप तिच्यासमोर नव्हतं. ते तिच्या छातीवर होतं.

त्याने चादर पुन्हा घातली. पंख्याखाली उभा असूनही त्याची पाठ घामाने भिजली होती.

५

चौथ्यावर ते अडकलं.

नऊ दिवस ताईची चिमूट चौथ्याशी झुंजत होती. उचलायची, बसला असं समजून पाचव्यावर जायची, पाचवा दाद द्यायचा नाही, की पुन्हा चौथ्यावर. खोटी खाच आपलं काम चोख करत होती. त्याचा जीव भांड्यात पडला. जीव भांड्यात पडला इथवर ठीक होतं, पण खरं सांगायचं तर त्याला थोडी ऐटही आली. बारा वर्षांपूर्वी, अकरा दिवसांच्या जागरणानंतर, कागद ना पेन्सिल, नुसतं डोक्यात केलेलं कुलूप! उस्ताद असते तर पाठीवर थाप मारली असती.

नवव्या दिवशी छापखानेवाला एक जाम झालेलं कुलूप घेऊन आला आणि डोक्यावर उभा राहिला. “होईल ना? मशीन बंद पडलीय तिकडे. माणसं बसून आहेत.” अशा माणसापुढे हात चालत नाहीत. तीनदा प्रयत्न फसला. चौथ्यांदा आकडा निसटून बोटात घुसला. तो बोट चोखत चडफडत होता, आणि समोर ताई नऊ दिवसांची तीच चूक पुन्हा करत होती. डाव्या हाताचा ताण इतका, की बोटांची टोकं पांढरी पडली होती. असं कुणी कुलूप धरतं? आजवर ज्याला ज्याला शिकवलं, त्याला त्याला हीच एक गोष्ट सांगून त्याचं तोंड दुखलं होतं.

“अगं, किती जोर लावतेस!” तो खेकसला. “ताण सोड जरा. चौथ्याची खाच खोटी आहे. तो पडू दे आणि परत उचल.”

“काय म्हणालात?” छापखानेवाल्याने विचारलं.

“तुम्हाला नाही.”

बोलून झालं, आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.  जीभ हासडून टाकावी, असं वाटलं.

ताईची डावी बोटं सैल पडली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. उजवी चिमूट खाली आली, पुन्हा वर गेली, आधीपेक्षा बोटभर अधिक, आणि तिथे राहिली. मग शांतपणे पाचव्यावर सरकली.

ताई रस्ता बघत होती. तिचं कशाकडेच लक्ष नव्हतं. छापखानेवाल्याचं कुलूप त्या दिवशी उघडलंच नाही.

६

“गोळी वाढवा,” तो फोनवर म्हणाला. “पूर्वीएवढी करा. पूर्वीपेक्षा जास्त करा.”

“वाढवली तर हालचाल काही दिवस दबेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण नुकसान वाढत जाईल. तुम्ही फार ताण घेताय. गुरुवारी घेऊन या त्यांना.”

त्या दिवशी सोमवार होता, आणि पाचवा लिव्हर बसला होता.

मंगळवारी सकाळी त्याने ताईच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “दोन?” एवढंच म्हणाली. त्याने नुसतं हो म्हटलं असतं, तर तिने घेतल्या असत्या. बारा वर्षं तिने त्याला एकदाही उलट विचारलं नव्हतं. त्याने एक गोळी उचलून परत डबीत टाकली. 

मग तो स्टूल ओढून तिच्याजवळ बसला आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. घट्ट धरले. हात त्याच्या मुठीतही चालतच राहिले, उबदार, नम्र, जराही झटापट न करता. आणि मग त्याला ते जाणवलं. चाळीस वर्षं ज्या बोटांनी कमावून खाल्लं, त्या बोटांना चूक होणं शक्य नव्हतं. लिव्हर जागेवर बसताना तारेतून एक बारीक टिचकी येते. ती आली. तिच्या हाडांतून त्याच्या हातात आली.

सहावा.

“तू घाबरलायस का रे?” ताईने विचारलं.

“ताई, मी कुलूप लावलं होतं, आठवतं?”

“लावलं होतंस ना?”

“हो.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवायला गेली. पण हात रिकामे नव्हते.

७

बुधवारी पाच वाजताच त्याने शटर ओढलं. वरच्या जाळीतून ऊन येत होतं, दुकानात पुरेसा उजेड होता. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याने रात्रंदिवस विचार करून एकच गोष्ट ठरवली होती. किल्ली गटारात गेली तर गेली. किल्ली कधीही नवी करता येते, त्यावरच तर पोट चालतं. उघडायच्या आत किल्लीचा पुन्हा एक फेरा मारायचा. गुरुवारपर्यंत धरलं, तर पुढचं डॉक्टरबाई बघतील.

तो ताईच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. बारा वर्षांपूर्वी बसला होता तसाच, फक्त गुडघे आता कुरकुरले. उजव्या हाताची चिमूट करून त्याने तिच्या छातीच्या मधोमध नेली. सात लिव्हर, चौथ्यात खोटी खाच. सगळं लख्ख आठवत होतं.

त्याची चिमूट पोचायच्या आत ताईची चिमूट वर गेली आणि थांबली. डावा हात सावकाश, पुरा एक फेरा फिरला.

मग दोन्ही हात मांडीवर पडले.

ते हलत नव्हते. तोंडही हलत नव्हतं. ओठ मिटलेले, जीभ शांत, बोटं सैल. दुकानात इतकी स्तब्धता होती की भिंतीवरच्या किल्ल्यांचा बारीक किणकिणाट ऐकू येत होता. क्षणभर, देवा, त्याला वाटलं की ताई बरी झाली! नवं औषध लागू पडलं, आणि आपण वेड्यासारखे गुडघ्यांवर बसलो आहोत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. डोळे तिचेच होते आणि ते भ्यालेले होते.

“अरे, बाजूला हो,” ती म्हणाली. “दारात बसू नकोस.”

त्याला जागेवरून हलायचं नव्हतं. बसून राहायचं, दोन्ही हातांनी तिची छाती दाबून धरायची, ओरडायचं, हे सगळं त्याला कळत होतं. पण चाळीस वर्षांच्या पायांना फक्त एवढंच कळलं, की कुलूप सुटलं. ते उठले आणि बाजूला झाले. त्याची पाठ भिंतीला लागली, तोंड रस्त्याकडे वळलं. समोर ओढलेलं शटर होतं, आणि शटरशेजारी नमुन्याचं मोठं पितळी कुलूप टांगलेलं होतं. ते तो रोज चिंचेने चकाकेपर्यंत घासत असे.

त्या पितळेत ताईची खुर्ची दिसत होती, वाकडी आणि पिवळी. ताई मागे टेकून बसली होती, तिचे दोन्ही हात मांडीवर होते. बुटक्या दारातून वाकून बाहेर येताना माणूस चौकटीला धरतो, तसा तिच्या खांद्यावर आणखी एक हात होता.

खुर्ची करकरली. मग फरशीवर अनवाणी पावलं वाजली, एक, दोन, आणि त्याच्या पाठीशी थांबली.

“अरे, वळू नकोस,” खुर्चीतून ताई म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. “कुलूप लाव. ती आत नसली तरी लाव.”

“किती वर्षं कोंडलंस रे मला, खटपट्या,” खांद्यामागून ताई म्हणाली, आणि हसली.

दोन्ही आवाज ताईचे होते. त्यात तसूभरही फरक नव्हता. पण ते हसणं त्याने बारा वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून त्याला इतका आनंद झाला, की तो वळला.